पिशवी साफ झाली, मग दर सोमवारी रक्त कशाला?

"हिनं द्राक्षं लय खाल्ली हुती, म्हनून झालं का ओ ताई असं?"

काउंटरच्या पलीकडून सासूबाईंनी विचारलं. सून शेजारच्या खुर्चीत दंड पुढे करून बसली होती, मी पट्टा बांधत होते. मला हसू येणारच होतं, पण फाइल उघडी होती आणि तिच्यावर डॉक्टरांनी घरच्यांना कळावं म्हणून ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: द्राक्षगर्भ. आपल्याकडे नान्नजला जा, कासेगावला जा, द्राक्षाचे मांडवच मांडव. यांचीही दीड एकर बाग. असा शब्द वाचल्यावर माणसानं दुसरा काय अर्थ लावायचा?

तर नाही, द्राक्षं खाल्ल्यानं हे होत नाही. पपईनं होत नाही, गाडीवरच्या धक्क्यांनी होत नाही, ग्रहणात भाजी चिरल्यानं होत नाही आणि कुणाच्या नजरेनंही होत नाही. नाव पडलंय ते फक्त दिसण्यावरून. डॉक्टर मंडळी 'मोलर प्रेग्नन्सी' किंवा नुसतं 'मोल' म्हणतात. त्या मोलाचा आपल्या किमतीच्या मोलाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये जात्याच्या तळीला 'मोला' म्हणत, आणि गर्भाशयात बाळाऐवजी वाढलेल्या गोळ्यालाही तेच नाव मिळालं.

मी सोलापुरातल्या एका लॅबमध्ये काम करते. रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, रिपोर्ट हातात द्यायचा. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांसमोर न सुटलेले प्रश्न आमच्या काउंटरवर सुटे होतात. द्राक्षगर्भ झालेल्या बाईच्या घरून येणारा सगळ्यात मोठा प्रश्न एकच असतो: पिशवी तर धुऊन काढली, आता पुन्हा पुन्हा रक्त कशाला? त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. आधी आत काय झालं होतं ते बघावं लागतं.

एखादी चादर डोळ्यांसमोर आणा. उभे धागे आईचे, आडवे बापाचे. माणसाच्या बाबतीत हे धागे म्हणजे गुणसूत्रं, आईकडून २३ आणि बापाकडून २३. दोन्ही एकमेकांत गुंतले की वीण बसते. पूर्ण द्राक्षगर्भात आईच्या बीजातले धागेच हरवलेले असतात. अशा रिकाम्या बीजात शुक्राणू शिरतो आणि आपल्याच २३ ची नक्कल काढून ४६ करून टाकतो. दहातल्या एखाद्या वेळी दोन शुक्राणू शिरून ४६ भरतात. मोजलं तर संख्या बरोबर, पण सगळे धागे एकाच बाजूचे. त्याची चादर होत नाही.

मग होतं काय? बापाकडून आलेली काही जनुकं वार, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून पोसणारा भाग, वाढवायच्या मागे असतात आणि आईकडून आलेली काही त्या वाढीला लगाम घालतात. एरवी ही ओढाताण बाळाच्या फायद्याची असते. पूर्ण द्राक्षगर्भात लगामच नसतो. बाळ तयार होत नाही, नुसती वार माजते. वारेला बारीक बारीक कोंब असतात. ते आईच्या रक्तातून पाणी आणि अन्न ओढतात आणि बाळाच्या रक्तवाहिन्यांत सोडतात. इथे बाळही नाही आणि रक्तवाहिन्याही नाहीत. ओढलेलं पाणी जाणार कुठे? कोंब फुगतात, पाण्यानं टच्च भरतात आणि घोस लागल्यासारखे दिसतात.

दुसरा प्रकार अर्धवट द्राक्षगर्भाचा. त्यात आईचे २३ धागे जागेवर असतात, पण शुक्राणू दोन शिरलेले असतात. बेरीज ६९. इथे गर्भाचा थोडा अंश असू शकतो, क्वचित ठोकेही दिसतात, पण तो गर्भ जगू शकत नाही. हा प्रकार घरच्यांना समजावणं जास्त अवघड जातं. "ठोके दिसत हुते म्हनं की" हे वाक्य ऐकलं की माझ्याकडे उत्तर नसतं.

धाग्यांचं हे गणित मी एकदा एका घरात सांगितलं, तर सासूबाईंनी लगेच वळून मुलाकडे बघितलं. आजवर सुनेचा दोष म्हणत होत्या, आता मुलाचा का? तर तसंही नाही. बीज रिकामं निघणं किंवा दोन शुक्राणू एकदम शिरणं हा त्या क्षणाचा अपघात आहे. त्यात नवऱ्याच्या तब्येतीचा किंवा बायकोच्या वागण्याचा काही हात नाही. हजार गरोदरपणांत साधारण एक-दोन असे निघतात. विशीच्या आत आणि चाळिशीनंतर प्रमाण वाढतं, म्हणून कमी वयात लग्न झालेल्या मुली आमच्याकडे दिसतात तेव्हा मला ते फार लागतं.

आता 'द्राक्ष' या शब्दाबद्दल थोडं. पुस्तकात फोटो असतो तो खरोखर द्राक्षाच्या घडासारखा, कारण तो जुन्या काळचा. तेव्हा चौथ्या-पाचव्या महिन्यात रक्त जाऊन फोड बाहेर पडायला लागले की मगच कळायचं. आता आठव्या-दहाव्या आठवड्यात सोनोग्राफी होते, त्यामुळे पिशवी साफ केल्यावर बाटलीत जे येतं ते द्राक्षासारखं नसतंच. मला तर ते सरळ भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं. रक्ताच्या गुठळ्यांत मधूनच एखादा पारदर्शक, फुगलेला दाणा. पहिल्यांदा बघितलं तो दिवस सोमवारचा होता, डब्यात खिचडी होती, आणि मी ती खाल्ली नाही.

सुरुवातीला बाईला यातलं काही कळत नाही. पाळी चुकते, घरच्या कार्डावर दोन रेघा येतात, मळमळ होते. सगळं गरोदरपणासारखंच, कारण वार वाढत असते आणि कार्ड वारेचंच संप्रेरक पकडतं. पुढे कुणाला तपकिरी किंवा लाल रक्त जायला लागतं. कुणाला इतक्या उलट्या होतात की सलाईन लावावं लागतं. पोट महिन्यांच्या मानानं मोठं वाटतं. पाचव्या महिन्याच्या आतच रक्तदाब चढला किंवा थायरॉइड वाढल्यासारखी छातीत धडधड आणि हाताला कंप सुटला, तर डॉक्टरांच्या मनात हे नाव आलंच पाहिजे. आणि आता पुष्कळ जणींना यातलं काहीच होत नाही. पहिल्या सोनोग्राफीलाच कळतं.

लॅबवाल्यांना ठाऊक असलेली एक विचित्र गोष्ट सांगते. हे संप्रेरक, म्हणजे बीटा एचसीजी, द्राक्षगर्भात कधी इतकं वाढतं की घरच्या कार्डावर रेघ फिकट येते किंवा येतच नाही. कार्डावरची रसायनं त्या पुरात बुडून जातात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह निघते. पोट वाढतंय, रक्त जातंय आणि कार्ड 'नाही' म्हणतंय, तर कार्डावर विसंबू नये. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करावी.

सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसतं त्याला इंग्रजी पुस्तकं बर्फाचं वादळ म्हणतात. मे महिन्यात ४४ अंशांत शिजणाऱ्या सोलापूरकराला ही उपमा देऊन काय उपयोग? जुन्या टीव्हीचा अँटिना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तसं समजा. पण लवकरच्या आठवड्यांत मुंग्याही नीट दिसत नाहीत. सोनोग्राफीत कधी कधी 'गर्भ वाढला नाही' इतकंच येतं, साधा गर्भपात समजून पिशवी साफ केली जाते, आणि खरा प्रकार कळतो तो नंतर, काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर.

म्हणून त्या बाटलीचं महत्त्व. कितीतरी वेळा बाटली नातेवाइकांच्या हातात दिली जाते, 'लॅबला द्या' म्हणून. ती कॅरीबॅगमध्ये घालून कुणी दुसऱ्या दिवशी आणतं. कुणी नुसत्या पाण्यात आणतं, म्हणजे निकामी. कुणी 'आता काय करायचंय तपासून' म्हणत पैसे वाचवतं. तो भाग फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणातच हवा आणि त्याच दिवशी पोचायला हवा. पॅथॉलॉजिस्टला फुगलेले कोंब बघूनही पूर्ण की अर्धवट ते ठरत नसेल तर पी ५७ नावाच्या प्रथिनासाठी रंग देऊन बघतात. हे प्रथिन आईकडच्या जनुकातून बनतं. आईचे धागेच नसतील तर रंग चढत नाही, मग प्रकार पूर्ण. चादरीची वीण उसवून धागा कुणाचा ते ओळखण्यासारखंच हे काम.

उपचार त्या मानानं सरळ आहे. भूल देऊन, सोनोग्राफीवर लक्ष ठेवत, नळीनं ओढून पिशवी रिकामी करतात. गोळ्या घालून पाडायचा प्रयत्न यात सहसा करत नाहीत. जोरात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्ताची पिशवी तयार ठेवूनच हात घालतात. हे काम रक्तपेढी हाताशी असलेल्या दवाखान्यात व्हावं, गावातल्या छोट्या खोलीत नको, इतकं मी ठामपणे सांगेन. छातीचा एक्स-रे काढतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारून घ्या, पुढच्या खेपेच्या बाळाला धोका नको म्हणून ते देतात. मुलंबाळं झालेली, चाळिशी ओलांडलेली बाई असेल तर पिशवीच काढण्याचा पर्याय डॉक्टर ठेवतात. पण पिशवी काढली तरी पुढची रक्ततपासणी चुकत नाही.

का चुकत नाही, हाच सासूबाईंचा प्रश्न.

वारेच्या पेशींचा स्वभाव मुळातच घुसखोरीचा. साध्या गरोदरपणातही त्या पिशवीच्या भिंतीत शिरतात, रक्तवाहिन्या पोखरतात, आणि योग्य जागी थांबतात. द्राक्षगर्भातल्या पेशी थांबतीलच असं नाही. नळीनं कितीही साफ केलं तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी भिंतीत राहतात. बहुतेकींच्या त्या आपोआप मरतात. पूर्ण द्राक्षगर्भात शंभरातल्या पंधरा-वीस जणींच्या मात्र मरत नाहीत, कर्करोगासारख्या वाढत राहतात. अर्धवट प्रकारात हे प्रमाण शंभरात एक ते पाच. वेळेवर पकडलं नाही तर त्या रक्तातून फुप्फुसापर्यंत जातात.

पण या पेशींची एक खोड आपल्या फायद्याची आहे. त्या गप्प बसत नाहीत. जिवंत आहेत तोवर बीटा एचसीजी सोडत राहतात. पोट दुखत नाही, रक्त जात नाही, बाई शेतात कामाला लागलेली असते, तरीही रक्ताच्या एका नळीत त्यांचा पत्ता लागतो. कुठल्याही स्कॅनला दिसणार नाहीत इतक्या थोड्या पेशींचाही.

समजा पिशवी साफ करण्याआधी आकडा २,१०,००० होता. पुढच्या आठवड्यात तो ९,४०० होईल, मग ८६०, मग ११२, मग ३१. पाचाच्या खाली आला की नॉर्मल. बहुतेकींचा दोन-तीन महिन्यांत येतो. सुरुवातीला दर आठवड्याला, नॉर्मल आल्यावर महिन्याला एकदा, असं पूर्ण प्रकारात तीन ते सहा महिने चालतं. अर्धवट प्रकारात लवकर सुटका होते. किती महिने ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

इथे मी माझ्या अनुभवातलं एक सांगते, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या. वेगवेगळ्या मशीनवर, वेगवेगळ्या किटवर आकडा थोडा वेगळा येतो. एका आठवड्यात इथे ४० आणि पुढच्या आठवड्यात दुसरीकडे ४६ आला तर तो खरंच वाढला की मशीन बदललं, हे कुणालाच कळत नाही, आणि घरभर घबराट. घरच्या कार्डानं काम भागत नाही, कारण ते फक्त हो किंवा नाही सांगतं, आकडा सांगत नाही. आणि उपाशीपोटी येण्याची गरज नाही. सोमवारचा उपास असेल तरी चालतो, खिचडी खाऊन आलात तरी चालतं.

आकडा बघून उपचार करायचे, लक्षणं बघून नाही, हे डॉक्टरांनाही एकेकाळी पटत नव्हतं. १९५६ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत मिन चिऊ ली या डॉक्टरांनी वारेच्या पेशींचा कर्करोग फुप्फुसात पसरलेल्या बाईला मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं आणि गाठी विरघळल्या. तोपर्यंत गाठीचा पसरलेला कर्करोग नुसत्या औषधानं कधी बरा झालेला नव्हता. पण गाठी गेल्यावरही रक्तातलं संप्रेरक थोडं उरलंय हे बघून ली औषध देतच राहिले, आकडा शून्यावर येईपर्यंत. बरी दिसणाऱ्या बाईला विष का देताय, म्हणून वरिष्ठांशी खटका उडाला आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. पुढे दिसून आलं की ज्यांचा आकडा शून्यावर नेला त्या बऱ्याच राहिल्या. १९७२ मध्ये ली आणि त्यांचे सहकारी रॉय हर्ट्झ यांना याच कामासाठी वैद्यक संशोधनातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

त्या औषधाची मुळं आपल्या जवळची आहेत. मेथोट्रेक्सेट हे फॉलिक अॅसिडचं तोतया रूप. पेशी त्याला खरं समजून घेतात आणि त्यांची वाढ अडते. फॉलिक अॅसिडच्या शोधाचा माग १९२८ मध्ये मुंबईला आलेल्या लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाईंपर्यंत जातो. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग, म्हणजे अंगातलं रक्त कमी होणं, त्या अभ्यासत होत्या. आणि अमेरिकेत लेडर्ली कंपनीत फॉलिक अॅसिड बनवून मग त्याचे हे तोतये घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. गिरण्यांच्या आणि तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या आपल्या गावात हे नाव घराघरात माहीत असायला हवं होतं. नाही.

आकडा चुकीच्या वाटेला लागला हे कसं ओळखतात? तीन आठवड्यांत चार रिपोर्ट जवळपास तेवढ्यावरच अडकले, किंवा दोन आठवड्यांत तीन रिपोर्ट चढत गेले, तर डॉक्टर पुढचा निर्णय घेतात. तुकडा काढून तपासायची गरज सहसा पडत नाही. मग वय, आकडा, पसरलंय का आणि कुठे, यावरून गुण मोजतात. सहापर्यंत गुण म्हणजे कमी धोका. त्यात एकच औषध पुरतं, बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटच. एक दिवसाआड चार इंजेक्शनं, मधल्या दिवशी त्याचा उतारा म्हणून फॉलिनिक अॅसिडची गोळी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. केस सहसा जात नाहीत, तोंड येतं. सात किंवा त्याहून जास्त गुण असले तर अनेक औषधं एकत्र द्यावी लागतात. कमी धोक्याच्या जवळजवळ सगळ्या जणी बऱ्या होतात, जास्त धोक्याच्याही शंभरात नव्वदच्या वर. केमो हा शब्द ऐकून घरात रडारड होते, पण इतका बरा होणारा कर्करोग दुसरा शोधून सापडणार नाही. एक मात्र: या काळात गरोदरपणातल्या उरलेल्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या मनानं खाऊ नका, औषधाचा जोर जातो. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन भेटा.

आणि या महिन्यांत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दिवस गेले की आकडा वाढणारच, आणि तो बाळाचा की उरलेल्या पेशींचा हे सांगता येत नाही. निरोध किंवा गोळ्या चालतात. तांबी आकडा नॉर्मल होईपर्यंत बसवत नाहीत. केमो घेतली असेल तर साधारण एक वर्ष थांबायला सांगतात. पुढच्या खेपेला पुन्हा हेच होण्याची शक्यता शंभरात एखादी, म्हणजे ९८-९९ जणींचं सगळं सुरळीत. फक्त दीड-दोन महिन्यांतच सोनोग्राफी करून घ्यायची. दोन किंवा जास्त वेळा द्राक्षगर्भ झाला तर मात्र जनुकांची तपासणी विचारावी. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं एक जनुक आलेल्या बाईला असं वारंवार होतं. दुर्मीळ आहे, पण मामाच्या नाहीतर आत्याच्या घरी लग्न लावायची आपल्याकडची रीत बघता विसरून चालणार नाही.

त्या सासू-सुना अजून येतात. सकाळच्या एसटीनं उतरतात, आधी सिद्धेश्वराचं दर्शन, मग लॅब. पहिल्या दिवशी सुनेनं विचारलं होतं, "बाळ हुतं का ओ त्येच्यात?" त्यांच्या रिपोर्टात पूर्ण प्रकार होता, म्हणून मी नाही म्हणाले. ती मान हलवून गप्प बसली. तिनं झबल्याचं कापड आणून ठेवलं होतं हे सासूबाईंनीच नंतर सांगितलं.

गेल्या सोमवारी आकडा ३१ आला. सासूबाईंनी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून रबर लावलंय. वाचता येत नाही, पण आकडे कळतात. त्यांनी बोटानं एकेक खाली मोजत आणला आणि मला म्हणाल्या, "पाचाच्या खाली कदी यील?"

"ते सांगता येत नाही, आजी. सोमवारी या."

"येतो की," म्हणाल्या, आणि सुनेला कापसाचा बोळा दंडावर दाबून धरायला सांगत पिशवीतून घडाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. बागेतली होती.